बेरीज जुळली, चित्र कुठे आहे?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला चौकटींचे भय वाटू नये. आमचा जन्मच चौकटीत जातो. चेकवर चौकट, स्लिपवर चौकट, रजेच्या अर्जावर चौकट. आणि काउंटरच्या काचेपलीकडून गिऱ्हाइकाला दिसणारा मी, तोही चौकटीतलाच. इतकी वर्षे या चौकटींनी माझे पोट भरले. तरीही गेल्या दिवाळीत वीस आडव्या आणि वीस उभ्या अशा चारशे चौकटींनी मला असा काही घाम फोडला, की असा घाम मला मार्चअखेरीलाही फुटला नव्हता.

त्याचे असे झाले. आमची कन्या आठवीत आहे. दिवाळीच्या खरेदीला नागपूरला गेलो असता सीताबर्डीच्या फुटपाथवर तिने एक पुस्तक उचलले. मी किंमत पाहिली, मग पुस्तक पाहिले. आत नुसत्या रिकाम्या जाळ्या. डावीकडे आकडे, वर आकडे, मध्ये काही नाही. मी म्हटले, "अगं, हे छापायचं राहिलंय!" ती म्हणाली, "बाबा, ही चित्रं आहेत. आपण काढायची." नव्वद रुपये मोजून घेतलेल्या पुस्तकात चित्रेही आपणच काढायची, हा व्यवहार माझ्या बी.कॉम.च्या बुद्धीला पटेना. पण सणासुदीचे दिवस होते. घेतले.

या कोड्याला इंग्रजीत नॉनोग्राम म्हणतात. मी आपला चित्रकोडे म्हणतो. नियम एका वाक्यात मावतो: ओळीच्या कडेला जो आकडा असेल, तितक्या चौकटी त्या ओळीत सलग काळ्या करायच्या. दोन आकडे असले तर दोन गट, आणि दोहोंच्या मध्ये निदान एक चौकट कोरी. आडव्या ओळींनाही आकडे, उभ्या ओळींनाही आकडे. दोघांचेही समाधान झाले की कागदावर चित्र उमटते.

हे सुटते कसे, ते आमच्या लाखनीच्या एसटी स्टँडवर चटकन समजते. समजा, बाकावर दहा माणसांची जागा आहे आणि साकोलीच्या गाडीची वाट पाहत आठ माणसांचे एक कुटुंब सलग बसले आहे. ते डाव्या टोकाला सरकून बसले की उजव्या, हे तुम्हांला ठाऊक नाही. पण ते कुठेही सरकले तरी तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या सहा जागा भरलेल्या असणारच! त्या सहा चौकटी बिनधास्त काळ्या करा. आता त्याच बाकावर चार जणांचे एक कुटुंब आणि तीन जणांचे दुसरे बसले, मध्ये भांडणापुरती एक जागा मोकळी, असे धरा. चार, एक आणि तीन मिळून आठ. हलायला जागा फक्त दोन. म्हणजे पहिल्या कुटुंबाने तिसरी-चौथी जागा अडवलीच, आणि दुसऱ्याने आठवी. बस्स, एवढीच विद्या. बाकी सारे धीराचे काम.

ही विद्या कन्येने मला पाच मिनिटांत शिकवली आणि दहा बाय दहाच्या पहिल्याच कोड्यातून मी एक बदक बाहेर काढले. लगेच दुसरे घेतले. त्यातून किटली निघाली. मग अस्मादिकांच्या अंगात वाणिज्य शाखा संचारली. माझ्या ध्यानात आले, की आडव्या ओळींच्या सगळ्या आकड्यांची बेरीज आणि उभ्या ओळींच्या सगळ्या आकड्यांची बेरीज नेहमी सारखीच येते. यायलाच हवी. काळ्या चौकटी त्याच. तुम्ही त्या डावीकडून मोजा नाहीतर वरून. म्हणजे ही जमा आणि खर्चाची बाजू झाली! म्हणजे हे कोडे नसून तेरीज आहे, आणि तेरीज जुळवण्याचा तर मी पगार घेतो!

त्या रात्री जेवताना मी जाहीर केले, की पुस्तकातले सर्वांत मोठे कोडे मी एकटा, कुणाच्याही मदतीशिवाय, आठवड्यात सोडवीन. सौ.ने ताटात भाताची आणखी एक मूद टाकली आणि ती काही बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली की बायका असल्या घोषणांवर बोलत नाहीत. नुसत्या वाट पाहतात.

मोठे कोडे वीस बाय वीसचे होते. आकडे मुंगीएवढे. मला चाळिशी लागली आहे, पण हे कन्येपुढे कबूल करण्याऐवजी मी म्हटले, "पुस्तक खराब नको व्हायला." आणि घरात पडून असलेल्या जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर मी ते कोडे मोठ्या अक्षरात उतरवून घेतले. आडव्यांची बेरीज केली: एकशे सत्त्याऐंशी. उभ्यांची केली: एकशे सत्त्याऐंशी. दोन्हींखाली लाल शाईने दुहेरी रेघ मारली. इतक्या थाटात सुरू झालेले काम फसते, हे मला अनुभवाने ठाऊक असायला हवे होते.

तीन रात्री गेल्या. वरचा भाग ठीक चालला. सातव्या ओळीपाशी मात्र आडवी बाजू म्हणे चौकट काळी आणि उभी बाजू म्हणे कोरी. खोडले, पुन्हा केले. पुन्हा तेच. बेरीज जुळलेली, आणि चित्र मात्र फिसकटलेले.

चौथ्या दिवशी कागद खिशात घालून मी शाखेत गेलो. मदत मागायची नव्हती. फक्त चर्चा करायची होती. मधल्या सुट्टीत कर्ज विभागातला सहकारी म्हणाला, "अंदाजे एक काळी करून टाक. जमलं तर जमलं." कर्ज विभागाचा एकंदर दृष्टिकोन त्या वाक्यात आला. साहेबांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "हे हेड ऑफिसकडून आलंय का? उत्तर केव्हापर्यंत पाठवायचंय?" शिपायाने मात्र मूलभूत शंका काढली. तो म्हणाला, "कायचं चित्र हाये, जी?" मी म्हटले, "तेच तर माहीत नाही." त्यावर तो म्हणाला, "मंग कायले काढता?"

संध्याकाळी पुतण्या आला. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला सगळे येते. त्याने माझे आकडे मोबाइलमध्ये भरले, एक बटण दाबले आणि दोन सेकंदांत यंत्राने निकाल दिला: या कोड्याला उत्तर नाही. मला जो आनंद झाला, तो उत्तर सापडून झाला नसता. मी चुकलो नव्हतो! पुस्तकच चुकले होते! मी तिथल्या तिथे प्रकाशकाला पत्र लिहायला घेतले. 'आपल्यासारख्या जबाबदार संस्थेकडून' इथपर्यंत मजकूर झाला होता.

पण पत्र पाठवायचे तर पुरावा हवा, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी पुस्तकाची शेवटची पाने उघडली. तिथे उत्तरे असतात. लहान छापलेली, उलटी. मी चष्मा न लावता, एका डोळ्याने, ओझरते पाहिले. सगळे नाही. फक्त सातव्या ओळीच्या आसपासचे. दोन चौकटी काळ्या होत्या. त्या मी माझ्या कागदावर काळ्या केल्या आणि प्रकाशक जिथल्या तिथे राहिला.

सकाळी कन्या दात घासत घासत टेबलाशी आली, कागदाकडे पाहत राहिली आणि तिने एका चौकटीवर बोट ठेवले.

"बाबा, ही कशावरून?"

"म्हणजे?"

"ही काळी आहे हे कशावरून कळलं? आडव्यावरून कळत नाही. उभ्यावरूनही नाही."

बँकेत लेखापरीक्षक येतो तेव्हा तो असाच एका नोंदीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, व्हाउचर कुठे आहे? नोंद बरोबर असेल, रकमेत पैचा फरक नसेल, पण व्हाउचर नसेल तर ती नोंद खोटी. माझ्याजवळ त्या दोन चौकटींचे व्हाउचर नव्हते. मी म्हटले, "असंच... वाटलं." तिने माझ्याकडे एकदा पाहिले, पुस्तकाच्या मागच्या पानांकडे एकदा पाहिले आणि ती चूळ भरायला निघून गेली. शाळेत जाताना 'येते' म्हणाली, पण पंख्याकडे पाहून.

हे सगळे कोपऱ्यात बसून एक व्यक्ती ऐकत होती: माझी आत्या. वय ऐंशीच्या घरात, कान शाबूत. ती म्हणाली, "तुया आज्यानंबी असंच केलं होतं. वाटलं म्हणून भरत जाये." आणि मग मला जी गोष्ट वडिलांनी हयातभर सांगितली नव्हती, ती तिने तांदूळ निवडता निवडता सांगितली.

आमच्या घरात शब्दकोड्याला बंदी होती. वडील वर्तमानपत्र आले की कोड्याचे पान काढून त्यावर भाजी निवडायला देत. ते का, हे मला तोवर ठाऊक नव्हते. १९५० नंतरच्या त्या काळात आजोबा बक्षिसांच्या कोड्यांची कूपने भरून पाठवत. सुरुवातीला महिन्याला एक, मग आठवड्याला चार. मनीऑर्डरी जात होत्या, येत काहीच नव्हते. गावात जो कोणी चार इयत्ता शिकलेला असेल त्याला गाठून ते विचारत, "याच्यात काय बसंल, जी?" आणि एका साली, रोवणीच्या आधी, तळ्याकडची एक बांधी त्यांनी विकली. कर्जापायी विकली, असे घरात सांगण्यात आले. कर्ज कशापायी झाले होते, हे आत्याला पोस्टमन ओळखीचा असल्यामुळे कळले होते.

आजोबांचे कागद आता उरलेले नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे कोणाच्या घशात गेले ते सांगता येत नाही. पण त्या काळाचा बाकीचा हिशेब छापील स्वरूपात शिल्लक आहे. पत्र अर्धवट सोडून मी तो वाचत बसलो.

शब्दकोडे हा प्रकार मुळात निरुपद्रवी. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन याने पहिले शब्दकोडे छापले. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. लोकांना ते आवडले आणि जगभर पसरले. लोकांना जे आवडते त्यावर प्रवेश फी लावता येते, हा शोध मात्र नंतरचा. बक्षिसांच्या कोड्यात मेख अशी, की संयोजकांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलेले असे. तुमचे उत्तर बरोबर असून भागत नसे. ते त्यांच्या उत्तराशी जुळावे लागे. उदाहरणार्थ, सूचना असे: 'माणूस याच्यासाठी जिवाचे रान करतो', आणि दोन चौकटींपैकी दुसरीत 'न' दिलेला. आता तिथे 'धन' बसते, 'मान' बसते, आणि सज्जन असेल तर 'जन'ही बसते. तीनही बरोबर. पण बक्षीस एकालाच. मग माणूस तिन्हीची तीन कूपने भरतो. अशा चार जागा असल्या तर तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे एक्याऐंशी कूपने होतात. बांधी कशी जाते, ते या गुणाकारात दिसते.

सरकारच्याही ते ध्यानात आले. मुंबई राज्याने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला आणि १९५२ साली तो राज्याबाहेरून चालणाऱ्या वृत्तपत्री स्पर्धांपर्यंत वाढवला. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून कोड्यांची स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान १९५५ साली संसदेने, ज्या राज्यांनी ठराव करून मागणी केली त्यांच्यासाठी, बक्षीस स्पर्धांचा कायदा केला: महिन्याला हजार रुपयांवर बक्षिसे द्यायची नाहीत, एका स्पर्धेत दोन हजारांवर प्रवेशिका घ्यायच्या नाहीत, आणि त्याही परवाना काढून. १९५७ साली सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या न्यायालयाने निकाल दिला, की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हेच. आणि १९५५ चा कायदा ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे अशा स्पर्धांना लागू नाही, अंदाजपंचे स्पर्धांना लागू आहे, असेही त्याच वर्षी ठरले. बी.कॉम.ला व्यापारी कायद्याचा पेपर मी दुसऱ्या खेपेला काढला. हे प्रकरण तेव्हा असते तर पहिल्याच खेपेला निघाला असता.

हा सगळा कायदा आजोबांच्या काय उपयोगाचा झाला? काहीच नाही. मुंबई राज्याचा कायदा मुंबई राज्यात, आणि भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात! आम्ही मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर बांधी गेली होती. राज्यपुनर्रचनेचा आमच्या कुटुंबावर झालेला हा परिणाम कोणत्याही आयोगाच्या अहवालात नाही.

आता चित्रकोड्याकडे वळतो. याचा जन्म जपानचा आणि वयाने ते माझ्याहून लहान आहे. १९८७ साली टोकियोत उंच इमारतीच्या खिडक्यांतून चित्र काढण्याची स्पर्धा झाली. काही खिडक्यांत दिवा, काही अंधाऱ्या. लांबून पाहिले की चित्र. नॉन इशिदा या बाईंनी ती जिंकली. दिवा लागलेली खिडकी म्हणजे काळी चौकट, विझलेली म्हणजे कोरी, यावरून त्यांना कोड्याची कल्पना सुचली. गंमत अशी, की त्याच सुमारास तेत्सुया निशिओ या कोडीकारालाही तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. (आमच्या शाखेत एकच कल्पना दोघांना सुचली तर ती तिसऱ्याच्या नावाने हेड ऑफिसला जाते.) १९८८ साली इशिदाबाईंची तीन कोडी 'विंडो आर्ट' म्हणून छापली गेली. १९९० साली इंग्लंडचे कोडी-संग्राहक जेम्स डॅलगेटी यांनी त्याला नॉनोग्राम हे नाव दिले. यातला 'नॉन' म्हणजे नकार नव्हे; ते इशिदाबाईंचे नाव आहे. लंडनच्या 'संडे टेलिग्राफ'ने ती दर आठवड्याला छापायला सुरुवात केली, आणि १९९८ साली आपल्या कोड्यांना नवे नाव द्यायचे ठरवले तेव्हा ते वाचकांकडूनच मागवले. मदत मागायला वर्तमानपत्रालाही लाज वाटली नाही, हे मी पेन्सिलीने अधोरेखित केले. १९९५ साली निन्टेन्डो कंपनीने हे कोडे 'मारिओज पिक्रॉस' या नावाने मुलांच्या हातातल्या खेळयंत्रात घातले.

या इतिहासात मला दोन ठिकाणी थांबावे लागले. पहिले असे, की १९९६ साली उएदा आणि नागाओ या जपानी संशोधकांनी सिद्ध केले, की ही कोडी सर्वसाधारणपणे गणिताच्या अत्यंत अवघड वर्गात मोडतात. कितीही मोठे कोडे हमखास झटपट सोडवील अशी रीत संगणकालाही अजून सापडलेली नाही. वीस बाय वीस त्यामानाने किरकोळ, हे मी घरात सांगितले नाही.

दुसरे ठिकाण जास्त टोचणारे. चांगल्या चित्रकोड्याला उत्तर एकच असावे आणि ते निव्वळ तर्काने सापडावे, असा या धंद्यातला संकेत आहे. इथे कोणाच्या खणात बंद केलेले उत्तर नाही. जे आहे ते समोरच्या आकड्यांतच आहे. 'धन' की 'मान' हा प्रश्नच नाही. आजोबांना अंदाज करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांचा खेळच तसा होता. माझ्या पुढ्यात मात्र सरळ खेळ होता, आणि तो मी आजोबांसारखा खेळलो होतो. शिवाय आजोबांनी निदान मागची पाने पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी कन्येपुढे कागद ठेवला आणि रबराने त्या दोन चौकटी खोडल्या. म्हटले, "याचं व्हाउचर नव्हतं." ती म्हणाली, "माहितेय." बाकी काही नाही. पण रबराचा चुरा तिने फुंकला.

त्या रात्री मला माझ्या पहिल्या शाखेतले हेड कॅशियर आठवले. तेव्हा संगणक आला होता, पण तो प्लॅस्टिकचे आवरण घालून साहेबांच्या खोलीत बसत असे. हिशेब खतावणीतच व्हायचे. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या वहीत सत्तावीस रुपयांचा फरक आला. रात्रीचे आठ वाजले. मी सत्तावीस रुपये खिशातून काढून टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "उचला. खिशातून घालाल तर चूक वहीतच राहील. उद्या तिला पिल्लं होतील." मग त्यांनी उत्तर सांगितले नाही, विचारले, "नवानं भाग जातो का?" जात होता. "मग कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल. त्रेसष्टचे छत्तीस, नाहीतर एक्केचाळीसचे चौदा. शोधा." आणि ते स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले, पान खात. चूक मला साडेनऊला सापडली. ते तोवर बसून होते. त्यांना ती आधीच दिसली होती, हे मला पुढे पाच वर्षांनी कळले.

मी हे सौ.ला सांगत होतो. ती म्हणाली, "मला दाखवा तो कागद." मी म्हटले, "तुला यातलं काय कळणार?" हे वाक्य मी मागे घेतो. ते छापले जाऊ नये असे मला वाटत होते. पण हा इतिहास आहे.

कारण सौ. गेली पंचवीस वर्षे ठिपक्यांची रांगोळी काढते. 'पंधरा ते आठ' एवढेच पुस्तकात लिहिलेले असते: मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर-खाली एकेक कमी करत आठापर्यंत. त्या दोन आकड्यांवरून ती अंगणात मोर उभा करते. माहेरी फुलीच्या टाक्याचे रुमाल करायची, तेव्हा आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजून धागा चालवायची. आकड्यांतून चित्र काढण्याचा हा धंदा टोकियोच्या आधीपासून आमच्या ओसरीवर चालू होता, आणि मी रोज त्यावर चप्पल न पडेल अशा बेताने उडी मारून बँकेत जात होतो.

तिने कागद हातात घेतला, पण चौकटींकडे पाहिलेच नाही. म्हणाली, "रांगोळी शेवटी बिघडली तर चूक शेवटी नसते. आधी ठिपके पुन्हा मोजायचे. पुस्तक आण गं." मग ती पुस्तकातले आकडे वाचू लागली आणि कन्या माझ्या कागदावरचे ताडून पाहू लागली. बँकेत याला आम्ही कॉल बॅक म्हणतो. एक वाचतो, दुसरा खूण करतो. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सौ. चष्म्याशिवाय वाचत होती, हे मी नमूद करून ठेवतो.

"सातवी. पाच, दोन."

कन्या थांबली. "बाबा, तुम्ही दोन, पाच लिहिलंय."

खोलीत शांतता पसरली. पाच आणि दोन सात. दोन आणि पाचही सातच. बेरीज जुळणारच होती! तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नाही, काही चुका तेरजेत दिसतच नाहीत, हे मी परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिले होते. बावन्नचे पंचवीस, फरक सत्तावीस, नवाने भाग जातो. तेच सत्तावीस! वीस वर्षांनी ते वसुलीला आले होते. पुस्तक बरोबर होते. यंत्रही बरोबर होते. त्याला दिलेल्या कोड्याला खरोखरच उत्तर नव्हते. अपुऱ्या पत्राचा कागद मी गुपचूप उलटा करून त्यावर वाण्याची यादी लिहिली.

मग पुढचे दोन तास आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो. नियम कन्येने केला: कोणी उत्तर सांगायचे नाही, फक्त पुढची जागा दाखवायची. आणि चौकट काळी करणाऱ्याला बाकीच्यांनी विचारायचे, "कशावरून?" मी दोनदा अडलो. एकदा सौ. म्हणाली, "कुठं नाही ते आधी बघा," आणि कोऱ्या जागांवर फुल्या मारताच वाट मोकळी झाली. दुसऱ्यांदा कन्येने नुसते अठराव्या उभ्या ओळीवर बोट ठेवले आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली. तिला ती चौकट दिसली होती. मला दिसायला चार मिनिटे लागली. ती बसून होती.

साडेदहाला शेवटची चौकट भरली. चित्र निघाले ते एका पक्ष्याचे: लांब पाय, लांब मान, खाली पाण्याच्या दोन रेघा.

"बगळा," मी म्हणालो.

"करकोचा," सौ. म्हणाली.

"फ्लेमिंगो आहे," कन्या म्हणाली.

उत्तर एकच असते म्हणून मी दिवसभर ज्याचे गोडवे गात होतो, त्या कोड्याची ही अवस्था! पुस्तकाच्या मागे नाव छापलेले नव्हते, नुसते चित्र. आवाजाने आत्या उठून बाहेर आली. तिने कागद दिव्याजवळ धरला, लांब केला, जवळ केला.

"सारस हाये," ती म्हणाली.

पूर्वी आमच्याकडच्या धानाच्या शेतांत सारसाची जोडी सर्रास दिसे. माणसाच्या उंचीचा पक्षी. आता महाराष्ट्रात उरलेत ते प्रामुख्याने गोंदियाकडे, थोडे भंडारा-चंद्रपुराकडे, मोजण्याइतकेच. मी जन्मभर लाखनीत राहून सारस कॅलेंडरावर पाहिला आहे.

"कशावरून?" कन्येने विचारले. नियम तो नियम.

आत्याने बोट पाण्याच्या रेघांवर ठेवले. "तळ्याकडच्या आपल्या बांधीत येत जाये ना. जोडीनं ये. मी धुऱ्यावर बसून पाहत राहो. बाबानं विकली त्या साली बी आला होता."

मग आम्ही कोणी काही बोललो नाही. कन्येने पेन्सिल घेतली आणि माझ्या खतावणीच्या पानावर, लाल शाईच्या दुहेरी रेघेखाली, चित्राचे नाव लिहिले: सारस. पुढे कंसात व्हाउचर म्हणून लिहिले: आजी.